दिवे लावल्यावर चढणारा काटा

हेलेना, मोंटाना
२९ जुलै

प्रिय एमेट,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच फेकायचा विचार असेल, तर तो आवर. पावणेदोन वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही. दोन नाताळांना तू मला नुसती सही केलेलं कार्ड पाठवलंस आणि मीही तुला तसंच. सत्तरी ओलांडलेल्या बहीणभावाला हे शोभत नाही. आणि भांडण कशावरून, तर माझ्या पिकअपमधल्या, गिअरबॉक्सचं तेल किती तापलंय ते दाखवणाऱ्या एका वाटीएवढ्या मीटरवरून. परवा पोस्टातल्या बाईने विचारलं, भाऊ बरा आहे ना. मी बरा आहे म्हणून सांगितलं आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत राहिले, कारण मला ते माहीतच नव्हतं. मला तुझी खबर रोझालीनकडून कळते. आपल्या या मामेबहिणीला गप्प बसण्याचा शाप कधी लागलेला नाही. मार्चमध्ये तिने फोनवर सांगितलं की तू अवजारांची पेटी शेजाऱ्याला देऊन टाकलीस आणि हल्ली गाडीचे वायपरसुद्धा दुसऱ्याकडून बदलून घेतोस. एकतीस वर्षं सरकारी वर्कशॉपमध्ये बर्फ हटवणारी यंत्रं दुरुस्त केलेला माणूस! 

पण आधी राग ओकू दे, नाहीतर पुढचं लिहिणं सुचायचं नाही. या महिन्याच्या सुरुवातीला मी पिकअप एका नव्या गॅरेजमध्ये नेली. तिथला दाढीवाला पोरगा गाडीत बसला, किल्ली फिरवली, तुझ्या मीटरकडे तीन सेकंद पाहिलं आणि म्हणाला की गिअरबॉक्स संपला. खाली वाकला नाही, तेल काढून पाहिलं नाही, वासही घेतला नाही. वर मला सल्ला दिला: "आजी, या वयात ते कॅम्परचं चाकांवरचं घर ओढत घाटात कशाला जाता? विकून टाका, एखादी छोटी गाडी घ्या." मी त्याला विचारलं, तुझ्या आजीला तू काय काय विकायला लावलंस. तो हसला. मी हसले नाही. मी तीस वर्षं जिल्हा कोर्टात साक्षी टाइप केल्या. पुरावा न बघता निकाल देणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर न्यायाधीशाचा झगा होता.

घरी येताना मात्र तो मीटर तू बसवलास तो दिवस डोळ्यांपुढे आला. त्याच्या आदल्या वर्षी घाटाच्या वरच्या वळणावर माझा जुना गिअरबॉक्स जळाला होता. तेल किती तापलंय हे सांगणारं काहीच गाडीत नव्हतं, धूर दिसला तेव्हाच कळलं. नवा गिअरबॉक्स टाकल्यावर तू घाट ओलांडून आलास, कोणी न बोलावता, आणि माझ्या अंगणात गाडीखाली दिवसभर आडवा पडलास. गिअरबॉक्सला सेन्सर लावलास, तिथून तार वर ओढलीस, डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्टीवर मीटर बसवलास. एक तार किल्लीतून वीज आणणारी, एक सेन्सरची, एक गाडीच्या दिव्यांबरोबर मीटरमधला दिवा लावणारी, आणि चौथी काळी, त्याच पट्टीला बोल्टने आवळलेली, अर्थिंगची. प्रत्येक तारेचं काम तू मला समजावत होतास. मी ऐकत नव्हते. तुझ्या बुटांचा चिखल माझ्या गाडीच्या चटईवर पडत होता, मी तो पाहत होते. जेवायला तुला हरणाच्या मांसाचा रस्सा वाढला तेव्हा तू चमचा डाव्या हाताने उजव्याला आधार देत धरला होतास. ते मी पाहिलं. 

तो उन्हाळा मजेत गेला. ऑगस्टमध्ये आपण नेहमीसारखे रानात हकलबेरी वेचायला गेलो, काटा सगळ्या चढावर एकशे पंच्याऐंशी फॅरनहाइटला गुमान बसून होता, आणि आपण सात गॅलन बेरी आणल्या. त्यातल्या दोन गॅलन तू उभ्या उभ्याच खाल्ल्यास आणि अस्वलावर ढकलल्यास. पुढच्या ऑगस्टचं तुला आठवतंच. जंगलं पेटली होती, भर दुपारी धुरामुळे सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसत होता. चढ सुरू झाला आणि काटा दोनशे चाळीसवर. तू म्हणालास थांब, मी थांबले. तू खाली उतरून पालथा हात गिअरबॉक्सजवळ नेलास आणि म्हणालास, "लोरेटा, हे काही एवढं तापलेलं वाटत नाही." मी म्हटलं काटा खोटं बोलतो का, आणि ओढून नेणारी गाडी बोलावली. त्या वर्षी एकही बेरी मिळाली नाही. गावातल्या जुन्या मेकॅनिकने सगळं उघडून पाहिलं, तेल स्वच्छ लाल होतं. तो म्हणाला, गिअरबॉक्स ठणठणीत आहे, मीटरच्या जोडणीत गडबड असेल. बस, मला माझा गुन्हेगार मिळाला.

आणि मग ऑक्टोबरमधलं चर्चचं पास्टीचं, त्या मांस भरलेल्या करंज्यांचं, जेवण. मी काय बोलले ते मी इथे लिहिणार आहे, कारण ते मी कागदावर कधी पाहिलेलं नाही. कोणीतरी विचारलं की यंदा हकलबेरीचा जॅम का नाही. तू शेजारी बसला होतास. मी सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ज्याच्या हातात कॉफीचा कप ठरत नाही, त्याच्या हातात मी गाडीच्या तारा दिल्या." दोघेतिघे हसले. तू काटाचमचा ताटात सरळ ठेवलास, टोपी घेतलीस आणि निघून गेलास. मला वाटलं, उद्या फोन करेल आणि मला नेहमीसारखं 'मदर सुपीरियर', मठातली थोरली नन, म्हणून शिव्या घालेल. तू केला नाहीस. मी करायला हवा होता. मी त्याऐवजी त्या मीटरवर प्रवाशांना सांभाळणाऱ्या सेंट ख्रिस्तोफरचं चित्र चिकटवलं, म्हणजे काटा दिसायला नको, आणि गावातल्या गावात गाडी चालवत राहिले.

त्या दाढीवाल्याने चित्राचा कोपरा उचलून काटा पाहिला होता; त्याच्या नादाने मी ते अख्खं चित्र सोलून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून, हातमोजे घालून मी गाडीत बसले. गाडी रात्रभर उभी, इंजिन थंडगार. किल्ली अर्धी फिरवली, काटा तळाशी. शहाण्यासारखा. आता हा गॅरेजमध्ये वर कसा गेला असेल, असा विचार करत मी त्या पोराने काय काय केलं ते क्रमाने आठवलं. अंधाऱ्या शेडमध्ये शिरताना त्याने दिवे लावले होते. मी दिवे लावले. काटा उठला आणि दोनशे दहावर जाऊन बसला. दिवे बंद केले, खाली आला. हे मी अकरा वेळा केलं, एमेट. शाळेत आपल्याला विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टर इग्नेशिया म्हणायच्या की एकदा घडलं तर गोष्ट, पुन्हा पुन्हा घडलं तर नियम. आणि बंद गाडीतलं तेल दिव्याचं बटण दाबल्याने तापतं, असा नियम देवाने केलेला नाही. त्या धुराच्या दिवशीही आपण भर दुपारी दिवे लावून निघालो होतो.

मग मी लायब्ररीत गेले आणि तिथल्या जाडजूड गाडीदुरुस्तीच्या पुस्तकात दोन तास डोकं घातलं. मीटरमधल्या दिव्याची आणि काट्याची वीज त्या एकाच काळ्या तारेने परत जाते. ती तार गाडीच्या लोखंडाला नीट टेकली नसेल, तर दिवे लागले की विजेला वाट पुरत नाही आणि काटा भलतंच सांगू लागतो. तपासायची रीतही दिली होती. मी लांब वायर आणली, एक टोक मीटरच्या काळ्या तारेला धरलं, दुसरं थेट बॅटरीच्या वजा टोकाला. दिवे लावले. काटा तळाशी, हलला नाही. म्हणजे मीटर चांगला, सेन्सर चांगला, गिअरबॉक्स चांगला. दोष फक्त काळी तार जिथे पट्टीला भेटते तिथे. मला झालेला आनंद पवित्र नव्हता हे कबूल करते. मी पाना घेऊन त्या बोल्टकडे निघाले तेव्हा तुला ऐकवायचं वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं.

बोल्ट काढला, दोष पाहिला, अर्ध्या तासात तो दूर केला. गेल्या शुक्रवारी मी कॅम्पर जोडून घाट चढले. लख्ख ऊन, एक ढग नाही, आणि माझे दिवे मुद्दाम लावलेले. समोरून येणारे सगळे मला दिव्यांनी खुणा करत होते की बाई, दिवे चालू राहिलेत. मी प्रत्येकाला हात हलवून आभार मानले. लाकडाचा ट्रकवाला तर खिडकीतून ओरडलाच. माथ्यापर्यंत काटा एकशे नव्वद. माथ्यावर गाडी थांबवून मी थर्मासमधली कॉफी प्यायले, तुझ्या बाजूचं खोरं पाहिलं. कुरणांत गवत कापून गठ्ठे बांधून ठेवले होते. मला इतकं बरं फार दिवसांत वाटलं नव्हतं. तुझं घर तिथून पाऊण तासावर. मी गाडी वळवून परत आले, कारण हातात काही न घेता तुझ्या दारात यायची माझी लायकी नव्हती. आधी एक काम उरकायचं होतं.

आता ऐक. त्या बोल्टखाली तुझं काम जसंच्या तसं होतं. तारेचं कडं घट्ट दाबून बसवलेलं, त्याखाली दातेरी वॉशर, एकही धागा सुटलेला नाही. थरथरत्या हातांनी केलेलं असेल, पण मी शिवलेल्या बटणांपेक्षा नेटकं होतं. पट्टीवर कड्याखाली तू नाण्याएवढा गोल घासून लोखंड उघडं केलं होतंस. मला हे कळलं, कारण तो गोल रंगाखाली अजून हाताला लागतो. होय, रंगाखाली. तू मीटर बसवलास त्यानंतरच्या हिवाळ्यात मी गाडी आतून साफ करताना ती पट्टी काढली, तुझा तो खरवडलेला गोल पाहिला आणि म्हटलं, हा माणूस चांगल्या वस्तूवर ओरखडे काढून ठेवतो. मी त्यावर काळ्या रंगाचे दोन हात दिले, वाळवून, पुसून, तुझं कडं वर आवळून टाकलं. माझ्या टापटिपीने तुझी तार तोडली, एमेट, आणि मी चारचौघांत दोष दिला तुझ्या हातांना. काल रविवारी प्रार्थनेनंतरच्या कॉफीच्या वेळी मी त्याच हॉलमध्ये उभी राहिले आणि हे सगळं, रंगाच्या डब्यासकट, सांगितलं. त्या दिवशी हसलेले तिघेही तिथे होते. आता फक्त तुला सांगायचं उरलं होतं, म्हणून हे पत्र. मला माफ कर. तुझे हात थरथरतात हे खरं आहे आणि त्याने काही बिघडलेलं नाही, हेही खरं आहे. चौदा ऑगस्टला बेरी पिकलेल्या असतील. तेरा तारखेला दुपारी मी तुझ्या दारात हॉर्न वाजवीन. त्याआधी शेजाऱ्याकडून पेटी परत माग, तो देईल, रोझालीनने विचारून ठेवलंय. कॅम्परच्या डाव्या मागच्या दिव्याची तार तुटली आहे. मला आता ती जोडता येते, पण मी जोडलेली नाही. तू जोड. मी टॉर्च धरून उभी राहीन आणि तू काय समजावतोस ते ऐकीन.

तुझीच बहीण,
लोरेटा