परमनंट या शब्दाबद्दल मारुतरावांना

दिघी,
गुरुवार, दि. १३ नोव्हेंबर २०२५

आज लवकर उठलो. लष्कराच्या भिंतीकडेने फिरून आलो. निशिगंधा तिसरी पाळी करून आली आणि पोहे खाऊन झोपली. दुपारी वरणभात केला. वीज दोनदा गेली. दुसरं काही झालं नाही, मेहुण्यांना पत्र लिहिलं तेवढंच:

आदरणीय मारुतराव यांस,

ज्योतीरामचा नमस्कार. वहिनींनाही सांगावा. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता, की बाटली नुसती खिडकीत ठेवली आहे? इकडे सगळं ठीक. शालनचं वर्षश्राद्ध तुमच्यासमोरच झालं. मी वेळेवर जेवतो. (सगळे हेच विचारतात, म्हणून आधीच सांगितलं.)

रविवारी फोनवर तुम्ही बोलत होतात आणि मी हं हं करत होतो. तो होकार नव्हता. मला फोनवर दुसरं काही सुचत नाही, हे तुमच्या बहिणीने तुम्हाला सांगितलंच असेल. तुमचं म्हणणं असं की निशिगंधाने पसंत केलेला मुलगा, प्रीतम, परमनंट नसेल तर मामा म्हणून तुम्ही मांडवात उभे राहणार नाही, कारण शालनची तीच अट होती. अट होती, हे खरं आहे. पण या शब्दाबरोबर मी तीस वर्षं एका घरात राहिलो आहे, म्हणून त्याबद्दल थोडं लिहितो.

पहिल्यांदा हा शब्द आपल्या दोन घरांत आणला तो तुम्ही. परांड्याहून पिंपरीला आलात ते थेट आमच्या कंपनीच्या गेटवर. माझं स्थळ आलेलं होतं, पण तुम्ही ना माझं घर पाहिलंत ना मला. पाळी सुटायच्या वेळी भेळ खात उभे राहिलात आणि माझ्या शर्टाचा रंग पाहून गेलात. परमनंट लोकांचा शर्ट निळा, बाकीच्यांचा राखाडी. माझं तोंड तुम्ही साखरपुड्याला पाहिलंत. शालन मला पुढे म्हणायची, "भाऊनं शर्टाला होकार दिला, तुम्ही त्यात होता म्हणून आलात."

हा शब्द इंग्रजी आहे हे शालनला बरीच वर्षं माहीत नव्हतं, असा माझा अंदाज आहे. लग्नानंतर तिने तो माझ्या एकट्याकडे राहू दिला नाही. दूधवाला, गिरणीवाला, देवळातले गुरव, सगळ्यांची तिने छाननी केली. शेजारच्या बाईंची सर्दी परमनंट ठरली. समोरच्या भाडेकरूंना मात्र ते अकरा वर्षं राहूनही तिने तो दर्जा दिला नाही. (का, ते तिने सांगितलं नाही. त्यांनी आमची शिडी परत केली नव्हती, तेवढंच मला आठवतं.) निशिगंधाने मला परवा मोबाईलवर या शब्दाचं मूळ वाचून दाखवलं. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ शेवटपर्यंत राहणं असा आहे म्हणे. विलायतेत रेल्वेचं काम चालू असताना आधी तात्पुरते रूळ टाकत, आणि काम झाल्यावर जे खरे रूळ टाकले जात त्यांना परमनंट म्हणत. तिकडच्या बायका केस कुरळे करून घेत, त्यालाही परमनंटच म्हणत, आणि ते काही महिन्यांत सरळ होत. शालनने असल्या पार्लरवर केस केली असती. हल्ली आमच्या भागात हा शब्द कमी ऐकू येतो. मुलं ट्रेनी असतात, कंत्राटी असतात, फिक्स टर्म असतात. त्या शेवटच्या प्रकारात फिक्स असते ती फक्त घरी जायची तारीख.

शालन गेली तेव्हा भेटायला येणारे एकामागून एक एकच वाक्य बोलत होते: इथं कुणीच परमनंट नसतं. आमचे जुने फोरमन तर चहा पिऊन झाल्यावर पुन्हा एकदा म्हणाले. मी हं म्हटलं. पण मला ते आवडलं नाही. त्या बाईने हा शब्द जन्मभर पारखून वापरला. तिच्याच दारात बसून तो कुणालाही असा फुकट लावू नये.

आता प्रीतमचं. त्याच्या बायोडाट्यात 'नोकरी: कंपनीत' एवढंच आहे. कंपनीच्या आधी विशेषण नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, जाऊन शर्ट बघा, असं तुम्ही म्हणालात. मुलाला सरळ विचारता आलं असतं, पण तुमचा शब्द मोडवेना. (आणि विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.) म्हणून सोमवारी पहाटेची बस धरून महाळुंग्याला गेलो. निशिगंधा आणि तो एकाच कंपनीत आहेत, आणि शर्टांचे रंग तिथेही तेच. तिसरी पाळी सुटायची होती. रखवालदाराने मला हटकलं, "काका, युनियनचे का?" मी हं म्हणालो. नको तिथे हं गेलं. त्याने मला रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर पिटाळलं. तिथे नऊवारी नेसलेल्या, डोक्याला मफलर गुंडाळलेल्या एक बाई बाकावर बसून गेटकडे टक लावून होत्या.

भोंगा झाला, पोरं बाहेर पडली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुम्ही उन्हाळ्यात आला होतात. थंडीमुळे सगळ्यांच्या अंगात गळ्यापर्यंत काळी जॅकेटं. शर्ट म्हणून दिसेना. शेजारच्या बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मेली थंडी! निघोज्याहून आले न् काय बी दिसंना." मी विचारलं, काय बघायचं होतं? (मी आपण होऊन प्रश्न विचारला, याची नोंद घ्यावी.) त्या म्हणाल्या, "पोरगी बघाया आले. परमनंट हाय म्हनत्यात. आवो, आमचं पोरगं कंत्राटी, ह्याला परमनंट पोरगी कोन दील? फसिवत्यात का काय, म्हनलं बघावं." पोराचं नाव सांगितलं तेव्हा कळलं, त्या प्रीतमच्या आई, यशोदाबाई.

तेवढ्यात निशिगंधा बाहेर आली. त्या सगळ्या काळ्या गर्दीत एकटीच्या अंगात निळा शर्ट. जॅकेट घडी करून हातावर, आणि थंडीने ओठ काळेनिळे. मारुतराव, तिच्या लाईनवर परमनंट झालेली ती पहिली मुलगी आहे. शर्ट दिसावा म्हणून ती कुडकुडत चालली होती, आणि चाल अगदी शालनची. यशोदाबाई म्हणाल्या, "हीच का वो?" मी म्हणालो, "माझी आहे." एवढ्या मोठ्याने म्हणालो की टपरीवाल्याने वळून पाहिलं.

निशिगंधानेही वळून पाहिलं. "पप्पा, तुम्ही इथं?" मी म्हणालो, दाताच्या डॉक्टरकडे आलो होतो. सकाळी सातला, महाळुंग्यात. यशोदाबाई म्हणाल्या, "आन् मी त्यांच्या दातासंगं." मग मागून प्रीतम आला. आईला पाहून त्याने आपण होऊन जॅकेटची चेन उघडली. राखाडी. "घ्या, बघा," म्हणाला, "विचारलं असतं तर सांगितलं असतं की." यशोदाबाई मला म्हणाल्या, "आमची जिमीन कंपनीनं परमनंट घेतली, पोराला तेवढं घेईनात. पर आळशी न्हाई. चालंल का तुमाला?" मी हं म्हणालो. हा मात्र होकार होता.

तुम्हा सर्वांचा,
ज्योतीराम

ता. क. – निशिगंधाला कायम केल्याचं पत्र मिळालं तेव्हा शालन दवाखान्यात होती. तिने ते सगळ्या वॉर्डला सांगितलं, आणि सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरला विचारलं, "तुम्ही परमनंट का?" सिस्टर नाही म्हणाल्या, तर तिने त्यांना जवळचं संत्रं दिलं. रात्री मला म्हणाली, "आता हिच्या नवऱ्याचं नका बघत बसू. घरात एक परमनंट असलं की बास. आपल्यात तरी कुठं दोघं होतो?" हे रविवारीच सांगायला हवं होतं, पण फोनवर जमलं नाही. लग्न पुढच्या महिन्यात आहे. शालनकडचं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. निशिगंधाच्या मागे तुम्ही उभं राहावं, ही विनंती.

ता. क. दुसरा – सुपारी काल फुटली. पत्रिकाही छापून आल्या, मामा म्हणून तुमचं नाव ठळक आहे. तेव्हा वरचं सगळं परवानगीसाठी लिहिलेलं नाही. पण तुम्ही या.

नळाला पाणी आलं आहे. पोरगी झोपली आहे, तेव्हा आवाज न करता पिंप भरून घेतो.