कचऱ्यात जपलेली पत्रं

वसई,
नोव्हेंबर २००३

प्रिय ग्रेसी,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना येशूची शांती. मी ठीक आहे. पीटरची शुगरही ठीक आहे (पीटर स्वतः नाही, पण ते लग्नापासूनचंच). तुझा गुडघा काय म्हणतो? टोरांटोच्या थंडीत फिरतेस, की कॉन्व्हेंटमधल्यासारखी खिडकीत बसून येणारे-जाणारे मोजतेस?

ईमेल सोडून कागद घेतला, त्याचं कारण सांगते. आमचा जावई व्हिक्टर फुलपाड्यात कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. आम्हा सगळ्यांची पत्रं त्याच्या सर्व्हरवर, एकाच पेटीत येतात. त्याने फोल्डरला नाव द्यायचे नियम शिकवले होते: नाव छोटं हवं, मध्ये जागा सोडायची नाही, आणि काही नावं सर्व्हरने स्वतःसाठी राखलेली असतात, त्यांना हात लावायचा नाही. (मदर सुपीरियर बऱ्या होत्या.) मी तुझ्या पत्रांच्या फोल्डरला शहाण्यासारखं ‘ग्रेसी’ नाव दिलं. पण एका दुपारी आमची सून शर्लिन चहा पिता पिता तेच उघडताना दिसली. तिच्या केकबद्दल तू काय लिहिलंयस, ते तुला ठाऊक आहे.

तेव्हा मला सासूबाई आठवल्या. त्या सोन्याची पोत सुक्या बोंबलांच्या डब्यात ठेवत. चोर झाकण उघडून तसाच परत जाईल म्हणून. मी फोल्डरचं नाव बदलून ‘ट्रॅश’ केलं. कचऱ्यात कोण हात घालतो?

सर्व्हर घालतो. त्या नावाचं फोल्डर दिसलं, की दर रविवारी आपण चर्चमध्ये मिस्सेला असताना तो ते झाडून साफ करतो. तीन वर्षांची तुझी पत्रं गेली, ग्रेसी.

व्हिक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, “आई, ऐवज कोणी कचऱ्यात ठेवतं का?”

“तुझ्या आजेसासूला विचार,” मी म्हटलं.

“त्या वारल्या.”

“पोत आहे अजून.”



तुझीच,
सुझान

ता.क. व्हिक्टर म्हणतो, तुझ्याकडे सगळ्या पत्रांच्या प्रती असतील. तेवढ्या पाठव. केकचं पत्र वगळ.

ता.क. पुन्हा. शेवटची दोन मी उघडलीच नव्हती. नाताळला वाचायला राखली होती. त्यात तू वसईला कधी येतेस ते लिहिलं असेल, तर लगेच फोन कर. लिहिलं नसेल, तर पाठवण्याआधी तेवढं लिहून टाक.