मंदाकिनीचं नववं पाऊल

प्रिय स्पृहा,

जिंकलीस पोरी! आपली मंदाकिनी अस्वलीण मोठ्या आवारातच राहणार, आज केंद्राच्या समितीने तसं लिहून दिलं. वारजे ते कर्वेनगर एवढंच अंतर, पण माझा फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान फाडण्याआधी वाचावं लागतं.

आमच्या प्राणी केंद्रातला मागचा पिंजरा आठवतो ना? नराला बघायला लोक येतात म्हणून त्याला झाडं आणि डबकं. मादी शांत, म्हणून तिला आठ पावलांची कोठडी. आठ पावलं जायचं, वळायचं, पुन्हा आठ. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तू दिवसभर तिथे बसून तिच्या फेऱ्या आणि स्वतःचाच पंजा चावणं टिपून घ्यायचीस. तुझ्या अहवालाला समितीने केराची टोपली दाखवली आणि हा तुझा बाबा गप्प बसला म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस.

यंदा तिला अर्धा एकर मिळाला, पण एकवीस दिवसांच्या बोलीवर. जागा वापरली नाही तर पुन्हा पिंजरा. आणि ही बया गवताच्या मधोमध आठच पावलं चालून वळायची! समोर गज नाहीत, काही नाही. अध्यक्षसाहेब म्हणाले, हिला पिंजराच मानवतो. मला रडायचंच बाकी होतं. वीस वर्षं अस्वलं सांभाळून काही सुचेना, तेव्हा तुझी प्रकल्पाची वही काढली. खाणं रोज नव्या जागी लपवा, असं तू लिहिलं होतंस. मी मध लपवला, फणसाचे गरे लपवले. अठराव्या सकाळी ती आठव्या पावलाला थबकली आणि तिने नववं टाकलं! मग थेट वारुळापर्यंत गेली, नाक खुपसून फुरफुरली. मी एकटाच टाळ्या पिटत होतो. आता चावलेला पंजा भरून आलाय, दुपारी खुशाल उताणी घोरते.

आज समितीसमोर तुझा अहवाल तुझं नाव घेऊन वाचला. पण बाळा, त्या वेळी मी नुसता गप्प बसलो नव्हतो. 'मादीला जागा पुरेशी आहे, फेऱ्या ही तिची सवय' असा शेरा मीच लिहून दिला होता. साहेबांची मर्जी जाईल, बदली होईल, याची भीती वाटली. तुझा अहवाल माझ्या सहीने फेटाळला गेला. आज सगळ्यांदेखत हेही सांगितलं. तुला मात्र आत्ता सांगतोय. तू खरं लिहिलं होतंस, मी खोटं.

तुझाच,
तुझ्यापुढे आनंदाने हरलेला
बाबा