ब्रेकची मुदत

चि. धाकट्या,

तुझ्या मालकाचे ट्रक मी तपासणीत नापास केले, तेव्हा "ताई, तुला माणसापेक्षा कागद प्यारा!" असं ओरडून तू गेलास. त्याला सहा वर्षं झाली. मी आरटीओतून निवृत्त झाले, तरी रोज सकाळी तू आता ज्या कंपनीचा ट्रक चालवतोस तिची नोंदणी आणि अपघातांची यादी बघते. यादी कोरी दिसली की घास घशाखाली उतरतो.

तुमच्या ब्रेक-तपासणीची मुदत केव्हाच संपली आहे, गाढवा! मी तक्रार केली. उद्या तुझी गाडी अडवतील.

हे पत्र धाडलं तर माफी मागितल्यासारखं होईल. ते खणातच राहील. तक्रारीवर मात्र शाळेतल्या सिस्टरांनी छडीने घोटून घेतलेल्या अक्षरात माझं नाव-पत्ता लिहिलाय. गाडी अडवून कागद दाखवतील, तेव्हा ओळखशीलच. भांडायला तरी ये.

तुझी,
कागदवाली ताई