रमशिवाय डायकिरी

अहमदी, कुवेत
१२ मे

प्रिय स्पृहा,

दोन वर्षांनी बाबाचं पत्र, तेही हाताने लिहिलेलं! घाबरू नकोस, सगळं ठणठणीत आहे. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो.

परवा आमच्या मराठी मंडळाची सरबत स्पर्धा झाली. अध्यक्षा सुनंदाताईंनी मलाच गळ घातली, कारण मुलगी गोव्यात ज्यूस कंपनीत आहे अशी थाप मीच सगळीकडे मारून ठेवलेली. तू बारमध्ये काम करतेस हे सांगायला जीभच रेटत नव्हती. झाली ना पंचाईत! तुला विचारायला तोंड नव्हतं, म्हणून गुपचूप तुझा डायकिरी कॉकटेलचा व्हिडिओ पाहिला. एकदा नाही, अकरा वेळा.

क्यूबातल्या डायकिरी गावाजवळची लोखंडाची खाण, तिथला अमेरिकन इंजिनिअर, दारात पाहुणे आणि घरातली जिन संपलेली. मग म्हणे त्याने तिथलीच रम घेतली, लिंबू पिळलं, साखर-बर्फ घातला आणि गावाचंच नाव देऊन टाकलं. खलाशी असलं काहीतरी त्याच्या कितीतरी आधीपासून पीत होते, हेही तू प्रामाणिकपणे सांगतेस. किती छान बोलतेस गं! मला तर त्या इंजिनिअरची दयाच आली. इथे तेल कंपनीच्या क्वार्टर्समध्ये अवचित पाहुणे आले की आमचीही अशीच धांदल उडते.

इथे दारूबंदी, रम कुठली मिळायला! मी कोल्हापूरचा गूळ विरघळवला. रमही उसाचीच की. इथल्याच वफ्रा भागातल्या मळ्यातली लिंबं महबूबभाईंनी त्यांच्या दुकानातून पाठवली. शेकर म्हणून आईचा स्टीलचा डबा हलवला, चहाच्या गाळणीने गाळलं, आणि पहिला नंबर आला!

बक्षीस देताना सुनंदाताईंनी माईकवर तुझ्या कंपनीचं नाव विचारलं. मी सांगून टाकलं, की माझी मुलगी बारटेंडर आहे आणि ही कृती तिची आहे. मग दापोलीचे महबूबभाई, जन्मात दारूच्या थेंबालाही न शिवलेले, उठले आणि मला म्हणाले, की एवढी हुन्नरी पोर लपवायची कशाला. मला तिथेच रडू फुटलं.

स्पृहा, तुझ्या स्वतःच्या बारच्या उद्घाटनाचं आमंत्रण एकट्या आईच्या नावाने आलंय. बरोबरच आहे. माझ्या घरात पाऊल टाकू नकोस, असं मीच तुला म्हणालो होतो. चुकलं माझं. आईच्या शेजारच्या सीटचं तिकीट मी काढलंय, पण तुला विचारल्याशिवाय विमानात चढणार नाही. येऊ का गं?

उत्तराची वाट बघणारा,
तुझाच
बाबा