शून्याचं पाणी

९ नोव्हेंबर, राजूर

पोचलो एकदाचे! टेम्पोवाल्याने घाटात दोनदा गाडी थांबवून रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. दोन्ही वेळा मी सीटवरूनच सांगितलं की बाबा, पाणी कमी नाही, तुझ्या पंपाचं बेअरिंग खरखरतंय. तिसऱ्या वेळी त्याने नीट बघितलं आणि उरलेला रस्ता मला ‘मिस्तरी’ म्हणत राहिला. या कानांनीच आजवर पोटाला घातलंय. सोनईला जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरायच्या दुकानात झाडू मारायला लागलो, तेव्हा मालक मोटार उघडून दोष शोधायचा आणि मी नुसता कान लावून सांगायचो. पुढे स्वतःचं दुकान झालं, मग पाण्याचे फिल्टर. आता ते दुकान पुतण्याकडे सोपवून इथे आलोय. धरणाच्या रस्त्याला हॉटेलं वाढलीत, प्रत्येकाला फिल्टर हवाय आणि बसवणारा जवळपास कोणी नाही.

हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण दीना. सोनईच्या खाऱ्या पाण्याने माझ्या बायकोची एक किडनी निम्मी निकामी केली, दुसरीत खडे. नगरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आता हिला पाणी जपूनच द्या. म्हटलं, पाणी हा तर माझा धंदा. जगातलं सगळ्यात स्वच्छ पाणी माझ्या घरात असेल.

घर बाजाराच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून. मालकीण साळूबाई मागच्या खोलीत राहतात. बाईंचं तोंड बंद पडत नाही. आल्या आल्या दीनाला म्हणाल्या, नाव दीना आन् बांधा पाटलिनीचा, ह्ये कसं काय? दीना इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं. बऱ्याच दिवसांनी हसली.

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक लहान काचपेटी आहे. आत शेवाळ, एक फांदी, पाण्याची बशी आणि अंगठ्याएवढा पोपटी बेडूक. झाडावरचा. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, त्यांनी काचेला चिकटून बसलेला. आधीच्या भाडेकरू मास्तरांचा म्हणे. मी बाहेर सोडून देणार होतो, दीनाने सोडू दिला नाही. प्रभूने पाहुणा आधीच पाठवलाय म्हणाली.

१० नोव्हेंबर

रविवार. उपासना घरीच केली. मग दीनासाठी फिल्टर बसवला. माझ्या हातचा सगळ्यात भारी. पाणी गाळणारे दोन पडदे, वर क्षार शोषणारी नळी. पाण्यात काय काय विरघळलंय ते सांगणारं मीटर आम्हा धंदेवाल्यांच्या खिशात असतं. सोनईच्या पाण्यात बुडवलं की आकडा हजाराच्या पुढे पळतो. आज आकडा आला शून्य. स्वच्छ, गोल शून्य.

तेवढ्यात साळूबाई बेडकाच्या बशीत पाणी घालायला आल्या. झऱ्याचं पाणी, त्यात वर चिमूटभर माती टाकलेली! मी थांबवलं. दुकानात गिऱ्हाइकासमोर करतो तो खेळ इथेही केला. बशीतलं जुनं गढूळ पाणी सरळ फिल्टरमध्ये ओतलं, पंप चालू केला, आणि दुसऱ्या बाजूने निघालेला पहिला पेला दीनाने घटाघटा पिऊन दाखवला. या खेळावर मी आजवर शेकडो फिल्टर विकलेत.

साळूबाई हसल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, गाळल्या पान्याला लई तान लागती. इथे ण चा न करतात, ताणाचं तान. म्हटलं, अगदी बरोबर, मोटारीवर ताण येतोच, म्हणून तर हा जाडा पंप. पंप उघडून त्यांना सगळं समजावलं.

१४ नोव्हेंबर

मोबाईलवर वाचलं की बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो. म्हणजे त्याला तर चांगलं पाणी आपल्यापेक्षा जास्त गरजेचं. दुपारी दुकान लवकर बंद करून त्याचा नळ केला. वर उपडी बाटली, खाली सलाईनची नळी, मध्ये स्पंज आणि कोळशाची पूड, थेंब थेंब बशीत. बशी भरली की जास्तीचं पाणी दुसऱ्या नळीने बाहेर. बाटलीत अर्थातच फिल्टरखाली ठेवलेल्या दीनाच्या पिंपातलं शून्याचं पाणी. दीना म्हणाली, माझ्या माहेरी नळ यायला आमदाराला निवेदनं द्यावी लागली, याला मात्र बसल्या जागी जोडणी.

साळूबाईंनी खिडकीतून बघितलं. विचारलं, पान्याचं तोंड तरी भरलं का? मी म्हटलं, बाटली काठोकाठ आहे.

१९ नोव्हेंबर

दीनाचं दुखणं पळालं! कंबर धरणं नाही, कण्हणं नाही. हॉटेलवाल्यांनाही मी तिचंच उदाहरण देतो. ती म्हणते या पाण्यासारखी गोडी कशालाच नाही. पेल्यावर पेला चालूच. पिंपाजवळच स्टूल टाकून बसते.

बेडूक मात्र जरा फिका वाटतो. पोपटी जाऊन काचेसारखी छटा आलीय. सहज बशीत मीटर बुडवलं. वरून शून्याचं पाणी पडतंय, पण बशीत आकडा चढलेला. कुठून आलं? शेवाळ काढलं, बशी उकळून घेतली. आता पेटीत फक्त फांदी आणि बेडूक. संध्याकाळी पुन्हा बघितलं. आणखी चढलेला.

२२ नोव्हेंबर

आज एक गोष्ट कानाला खटकली. बेडूक दिवसभर टक् टक् करतो त्याची आता सवय झालीय. चहा पिताना त्याच्याकडे बघत होतो. गळा फुगत नव्हता. हलतसुद्धा नव्हता. आवाज चालू होता.

पेटीला कान लावला. आवाज बशीतून येतो. पाण्यातून. आणि तो बेडकाचा नाहीच. आधी वाटलं कोरडं बेअरिंग. मग ओळखलं. फळ्यावर खडू टेकवून लिहितात ना, तो आवाज. टक्, टक्, आणि मध्ये ओढलेली रेघ.

दीनाला सांगितलं नाही.

२५ नोव्हेंबर

बेडूक गेला. मेला म्हणवत नाही. फांदीवर कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी चिकटलेलं होतं, त्यातून पलीकडची फांदी दिसत होती. चारही पायांच्या चकत्या जिथल्या तिथे. आत काही नाही.

दुपारी जेवताना पहिला घास मी तोंडातून काढला. वरण नुसतं मीठ होतं. दीना मजेत जेवत होती. म्हणाली, अळणी झालंय, नाही? आणि वरून आणखी मीठ घेतलं.

तिच्या हातावरच्या शिरा दिसत नाहीत. पूर्वी हिरव्या दिसायच्या.

२६ नोव्हेंबर

बेडकासाठी दीना रडत होती. डोळे पुसताना तिच्या आसवाचा एक थेंब माझ्या ओठाला लागला. चव नाही.

वेड्यासारखं केलं. चमचा तिच्या गालाला लावला, तीन-चार आसवं धरली, मीटर टेकवलं. ती म्हणाली, अहो, आता मलाही विकायला काढताय का?

शून्य.

मग पिंपात मीटर बुडवलं. भरताना शून्य होतं. आकडा चढतोय. माझ्या डोळ्यांदेखत.

२७ नोव्हेंबर

सकाळीच साळूबाईंकडे गेलो. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या भडकल्याच. मी सांगितलं हुतं, तुमी मला पंपाची गोस्ट सांगत बसलात! डोंगरातनं येताना पानी माती, मुळ्या, पाला समदं पोटात घेऊन येतं. ते तुमी काढून घेतलं तर ते गप बसंल व्हय? म्हनून तर आमी पानी गाळलं की वर चिमूटभर माती टाकतो. पोट भरलेल्या पान्याला तान न्हाई.

आणि तेव्हा ऐकलं. सोळा वर्षांचा असल्यापासून मोटारींचा नुसता श्वास ऐकून दुखणं सांगतो मी. आणि बाईचा एक शब्द चुकीचा ऐकला. ताण लागतो. तहान लागते. त्या म्हणाल्या होत्या — लागती.

मी विचारलं, मग आता माती टाकू? त्या म्हणाल्या, एकदा जित्याची चव लागली की अख्खा मानूस मिळेस्तोवर माती खात न्हाई ते.

मास्तरांचं विचारलं. मग कळलं ते असं. मास्तरांनीही बेडकांसाठी फिल्टर आणला होता. बेडूक एकेक करून गेले, मग त्यांची बायको अशीच फिकी पडली. मास्तरांनी पाण्यात हात घातला आणि बाहेर काढला नाही. गाव म्हणतं मास्तरांची बदली झाली. झालीच की, साळूबाई म्हणाल्या. बायकोच्या बदली ते. बाई चांगली चालत एस्टीत बसून गेली.

आणि ते पाणी?

साळूबाईंनी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. टाकवलं न्हाई, म्हणाल्या. मानूस हाय त्यात. उरलेल्या एका बेडकासंगं माती घालून घालून निजवला हुता मी.

तेच मी फिल्टरमध्ये ओतलं. तोच पहिला पेला दीनाने —

२७ नोव्हेंबर, दुपार

माती टाकली. मूठभर. तळाला जाऊन बसली, पाणी जसंच्या तसं. झऱ्याचं पाणी दीनाच्या ओठाला लावलं, तिने थुंकून टाकलं.

पिंपाची तोटी उघडली, म्हटलं सगळं मोरीत जाऊ दे. पेलाभर गेलं असेल. दीना आतून ओरडली. धावलो. तिच्या डाव्या पायाची बोटं — पलंगाची चादर दिसत होती त्यांच्यातून.

तोटी बंद केली. ती त्यात आहे. सांडली तर गेलीच.

मोरीत ओणवा होऊन जाळीला कान लावून बसलो. खालून, लांबून, कण्हल्याचा आवाज जात होता.

२८ नोव्हेंबर

आज उठली नाही. उशीवर डोक्याचा खळगा दिसतो, मग नीट बघितलं की ती दिसते. ओठ हलत नाहीत. पण बोलते. स्वयंपाकघरातून. पिंपातून. अहो, चहा घेतला का. अहो, मला इथे गार लागतंय.

लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदाही तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आज मागते. गार लागतंय म्हणते.

नगरच्या डॉक्टरांना फोन केला. रक्ततपासणी करून आणा म्हणाले. कुठलं रक्त?

विचार करण्यासारखं काही उरलं नाही. पिंपाचं झाकण काढलंय.

२८ — नंतर

डावा हात कोपरापर्यंत आत. दुखत नाही. बाळाने बोट तोंडात धरावं तसं ओढतं. हळू. गोड वाटतं, हेच वाईट.

मीटर उजव्या हातात. आकडा चढत होता, आता उतरतोय. म्हणजे देतंय. परत देतंय. माझं घेऊन तिचं —

दीना कुशीवर वळली. पलंग करकरला. वजनाने करकरला!

२९

नखं नाहीत. मग बोटं नाहीत. दिसत नाहीत म्हणजे. पेन धरलेलं जाणवतं, हात नाही.

ती उठून बसली. गाल लाल. हातावर शिरा, हिरव्या. मला हाक मारली. अहो, कुठे गेलात? कंबर दुखतेय माझी.

दुखतेय! प्रभू, दुखतेय तिला —

मी तिच्या समोर, स्टुलावर. तिने स्टुलावरून हात फिरवून बघितला. रिकामं म्हणाली.

दुपार बहुतेक

साळूबाई आल्या. दारातच थांबल्या. स्टूल बघितलं, पिंप बघितलं. दीनाला म्हणाल्या, पोरी, पिशवी भर, एस्टी हाय आत्ता. दीना म्हणते, यांना सोडून कशी जाऊ? इथंच कुठे गेले असतील, चपला दारात आहेत.

जा ना दीना. जा.

साळूबाई माती आणायला गेल्या. निजवतील मला. चालेल. तेवढ्यात ही निघाली तर —

निघत नाही. घरभर हाका मारतेय. रडतेय. खारट असतील आता.

इतका वेळ गप्प बसलो. पण ती ‘अहो’ म्हणाली की ओ जाते तोंडातून, सवयच — गेली — आणि माझा आवाज मला पिंपातून ऐकू —

तिनेही ऐकला.

पळत आली. झाकणावर ओणवली. इथे आहात का हो, म्हणाली. ओठ पाण्याच्या इतके जवळ. रडून रडून घसा कोरडा, खाकरली. पेला घेतला —

दीना, नको. गाळलेलं आहे. दीना, मला तहान लाग