दादा नापास झाला

१७ जून १९९७, मंगळवार

आज मला सुई टोचली आणि मी रडले नाही! — म्हणजे थोडी रडले. पण ते टोचायच्या आधी, त्यामुळे ते धरायचं नाही.

मंगळवार-शुक्रवार दादाला डायलिसिसला न्यायची ड्यूटी माझी. आईला तिथल्या वासाने मळमळतं आणि बाबांना कारखान्यात पहिली शिफ्ट. दादा मशीनला जोडलेला पडून असतो, मी स्टुलावर बसून त्याला पेपर वाचून दाखवते. मुद्दाम चुकीचं वाचते. आज सोन्याच्या भावात कांदे विकले. तो डोळे मिटूनच म्हणाला, "सुधे, बी.ए. तुला कोण देणार आहे?"

तेवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या. काविळीची लस सुरू करू म्हणाल्या. हिपॅटायटिस बी — ही कावीळ रक्तातून लागते, आणि दादाचं सगळं रक्त आठवड्यातून दोनदा बाहेर फिरून येतं! "दिलीप को डबल डोस लगेगा. किडनी काम नहीं करती तो लस भी ठीक से नहीं लगती." मग माझ्याकडे वळून, "और तुम? दिनभर यहीं बैठती हो, तुम भी लगवा लो."

मी म्हटलं, मी नंतर बघते.

दादा म्हणाला, "घाबरट आहे ती. मॅडम, पैज लावू का? शेवटी दोघांचं रक्त तपासा, लस कोणाला किती लागली ते. ज्याचे मार्क कमी, त्याने दुसऱ्याला वर्षभर साहेब म्हणायचं."

आता यावर कोण मागे हटणार? त्याला दोन सुया, मला एक. साहेब म्हणवून घेणार आहे मी!

१८ जून

हात हलवला की कळ येते. दादाचे दोन्ही हात दुखत असणार. पण बोलतोय का? छे! हीरो.

१८ जुलै, शुक्रवार

दुसरा डोस. यावेळी खरंच रडले नाही.

आईने आता भाजीवाल्यालासुद्धा सांगून टाकलंय की ती मुलाला किडनी देणार. रक्तगट जुळला तेव्हापासून ती जमिनीवर चालतच नाही. इथे कॉलनीतल्या पिपलानीच्या बाजारात दहा पावलं गेलं की कोणीतरी भेटतं आणि ही सुरू — "एकदा दिलंच होतं ना त्याला सगळं पोटातून? आता आणखी एक." ऑपरेशन अहमदाबादला. कंपनी खर्च करते, म्हणून बाबा रोज कारखान्याच्या दिशेने हात जोडतात. लस पूर्ण झाली की मार्चमध्ये जायचं, असं ठरलंय.

मार्च! मग दादा तांब्याभर पाणी गटागटा पिऊ शकेल. सध्या त्याला दिवसाचं पाणी मोजून. बर्फाचा खडा चघळतो आणि म्हणतो, "वा, काय आमरस आहे!"

३० ऑक्टोबर, दिवाळी

मीठ बंद असताना दादाने अर्धी चकली खाल्ली. आईने पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे तिने पाहिलंच नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

शेवटचा डोस झाला!! आता महिनाभर थांबायचं, रक्त मुंबईला पाठवायचं, निकाल लागायचा. दादा आत्ताच मला "ए शिपाई" म्हणून हाक मारतोय. बोर्डात मेरिटला आलेला माणूस तो, कारखान्याच्या ट्रान्सफॉर्मर ब्लॉकमधला हुशार इंजिनियर. मी मॅट्रिकला गणितात छत्तीस. त्याला वाटतंय हीपण तसलीच परीक्षा.

२७ जानेवारी १९९८, मंगळवार

दादा नापास!!!

मी हजाराच्या वर! हजार! मशीन म्हणे त्याच्या वर मोजतच नाही! पास व्हायला दहा लागतात आणि दादाला तीन!

मी वॉर्डात उड्या मारल्या. नर्सबाई ओरडल्या, "ए लडकी!" दादा इतका हसला की मशीनची घंटी वाजायला लागली आणि सगळे धावत आले. ऑटोत तो मला हात जोडून म्हणाला, "साहेब, आत बसा, साहेब, वारं लागेल." चालकाला वाटलं मी खरंच कोणी मोठी आहे. घरी पोचल्या पोचल्या दारातूनच ओरडले, आई, दादा नापास झाला गं, आयुष्यात पहिल्यांदा!

आई नाही हसली.

हातातलं लाटणं तसंच धरून तिने विचारलं, "म्हणजे लस लागलीच नाही त्याला?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. बावळट मी.

३० जानेवारी, शुक्रवार

आज मॅडमनी बसवून सगळं सांगितलं. ऑपरेशन झालं की नवी किडनी शरीराने हाकलून देऊ नये म्हणून आयुष्यभर औषधं घ्यायची. ती औषधं शरीराची राखण करणारी ताकद दाबूनच ठेवतात. मग लस आणखीनच कमी लागणार. आणि तेव्हा ही कावीळ झाली, तर लिव्हर जाऊ शकतं. म्हणून जे काय मिळवायचं ते आधी. "मार्च कॅन्सल," त्या म्हणाल्या.

दादा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे आपल्या कारखान्यासारखं, मॅडम. भोंगा वाजला, पण शिफ्टवर कोणी आलंच नाही."

"आये हैं," मॅडम म्हणाल्या. "तीन आये हैं."

आम्ही तिघंही हसलो. पण समोरच्या खाटेवरचे केशवकाका आज नव्हते. त्यांना कावीळ झालीय, आता त्यांचं मशीन वेगळं, खोली वेगळी. दादा सारखा त्या रिकाम्या खाटेकडे बघत होता. मी पेपर वाचायला घेतला आणि काय वाचतेय तेच मला कळेना.

मॅडमकडे अजून एक उपाय आहे. लस स्नायूत न देता कातडीत द्यायची. थोडी थोडी, दर आठवड्याला. कातडीत पहारा कडक असतो म्हणे. कधीकधी यश येतं. कधीकधी!

१० फेब्रुवारी, मंगळवार

दादाच्या हातावर फुगवटे आलेत, मसुराएवढे, रांगेत. मी बॉलपेनने ते जोडून बदक काढलं. मॅडमनी हात उलटसुलट करून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "यह रिअॅक्शन कब से है?"

१३ फेब्रुवारी

सक्त ताकीद मिळाली. बदक काढायचं नाही.

१० मार्च, मंगळवार

मार्च आला आणि आम्ही इथेच. दादाचा चेहरा राखेसारखा झालाय. आज जिना चढताना मधल्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "इथून कारखान्याची चिमणी काय छान दिसते." तिथून काहीच दिसत नाही. भिंत आहे. मीपण शेजारी बसले आणि म्हटलं, हो, फारच छान.

७ एप्रिल, मंगळवार

सदतीस!!!

स द ती स!

मॅडमनी स्वतः घरी फोन केला. बाबांनी उचलला, "जी… जी… जी…" आणि फोन खाली ठेवून बाहेर गेले. आई पांढरीफटक. आणि खालून स्कूटरचा हॉर्न! थांबेचना! जाऊन पाहते तर बाबा उभ्या स्कूटरवर बसून हॉर्न दाबतायत आणि रडतायत. आमचे बाबा! ज्यांना मी कधी मोठ्याने शिंकतानाही ऐकलं नाही! सगळा ब्लॉक गॅलरीत. वरच्या मजल्यावरच्या मिश्रा आंटी ओरडल्या, "क्या हुआ भाईसाब?" बाबा म्हणाले, "लडका पास हो गया!" "कौनसी परीक्षा?" "खून की!"

बरखेड्याच्या बाजारातून पेढे आले. मला हजार मिळाले तेव्हा कोणी साधी गूळफुटाण्याची पुडी आणली होती का? पण जाऊ दे. मी सहा पेढे खाल्ले.

मॅडमनी हेही सांगितलंय की फार उड्या मारू नका. सदतीस म्हणजे काठावर पास. औषधं सुरू झाली की तेही उतरत जाईल. दरवर्षी तपासायचं, गरज पडली तर परत टोचायचं. आणि केशवकाकांच्या खोलीकडे तरीही फिरकायचं नाही.

बरं! नाही फिरकत! पण आज उड्या मारणारच!

४ मे, सोमवार. अहमदाबाद

काय ऊन आहे! दवाखान्यासमोरच्या धर्मशाळेत उतरलोय. आई नवा गाऊन दाखवत फिरतेय, जणू ऑपरेशनला नाही, लग्नाला आलीय.

८ मे

आईला साखर निघाली.

इतकी वर्षं कोणाला माहीतच नव्हतं. इथले डॉक्टर म्हणाले, यांची किडनी घेता येणार नाही. आज घेतली तर उद्या यांनाच लागेल. बाबांचं ब्लडप्रेशर आधीच चढलेलं, त्यांचा प्रश्नच नाही.

आई नव्या गाऊनची घडी घालत बसली. घालायची, मोडायची, परत घालायची.

मी म्हटलं, "माझी तपासा."

बाबा म्हणाले, "तुझं लग्न व्हायचंय." आई म्हणाली, "एकाला वाचवायला दुसरीला चिरू मी?" दादा म्हणाला, "सुधी नको," आणि खिडकीकडे वळला. "मी डायलिसिसवर राहीन. लोक राहतात."

तिघांनी मिळून ठरवूनच टाकलं! मला काही विचारायचं बाकीच नाही!

भीती वाटते का? वाटते. खूप. पोट चिरणार म्हटल्यावर कोणाला वाटणार नाही? पण त्या जिन्यावर त्याच्या शेजारी मी बसले होते, हे तिघं नव्हते. मी सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि बाही वर केली.

२९ मे

जास्त लिहिता येत नाही, बरगडीखालचे टाके ओढतात. सगळं जुळलं, आणि परवा माझी डावी किडनी दादाला बसवली. ऑपरेशन टेबलावरच लघवी सुरू झाली त्याला, आणि थांबत नाहीये! बाबा ती भरलेली पिशवी उंच धरून सगळ्या वॉर्डला दाखवत फिरतायत, "देखिए! देखिए!" आणि माझ्याशी तीन आठवडे न बोललेली आई खाटेशी बसून माझी वेणी घालतेय.